बिनपापणीची पाल

आरमोरीच्या बाजाररस्त्यावर मुबीनचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायचे मुबीनने आणि मागच्या अंधारखोलीत ते धुवायचे त्याच्या बायकोने, अंजुमने. १९९७च्या पावसाळ्यात तिला त्या खोलीत फोटो पक्का करायच्या हायपोच्या बाटलीमागे एक पाल दिसली. पालींचं तिला काही नवल नव्हतं. पण ही सायीच्या रंगाची होती. दार किलकिलं करून पाहिलं तर डोळे गुलाबी.

मुबीन झाडू घेऊन धावला.

"थांबा ना जरा," अंजुम म्हणाली. "मले पाहू तर द्या."

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तिने पांढरा पुठ्ठा अंथरला, पाल आत सोडली आणि तोंडाला मलमलचा तुकडा बांधला. तांदूळ निवडताना निघणाऱ्या अळ्या पालीला मिळू लागल्या. मुबीनने आधी नाक मुरडलं, मग गिऱ्हाइकांना दाखवायला तोच बरणी काउंटरवर नेऊ लागला. तिथे पाल पुठ्ठ्याखाली डोकं खुपसून बसायची. समोर अळी वळवळली तरी हलायची नाही. अंधारखोलीत लाल दिवा लावला की आपणहून बाहेर यायची.

अंजुमला नादच लागला. तिने बरणीवर शंभरचा बल्ब धरून पाहिला, मग चाळीसचा, मग झिरोचा. शंभराच्या उजेडात पालीच्या बाहुल्या दोऱ्याइतक्या बारीक व्हायच्या. पण ती डोळे मिटत नव्हती. निगेटिव्ह तपासायचं भिंग लावून अंजुमने नीट पाहिलं, तर पालीला पापणीच नव्हती! मधूनमधून जीभ काढून ती डोळा पुसायची. मग अंजुम स्टुलावर चढली आणि भिंतीवरच्या साध्या पालीचे डोळे पाहून आली. तिलाही पापणी नव्हती. तरी ती ट्यूबलाइटखाली पाखरं बिनचूक टिपत होती.

पांढरीचा नेम मात्र लाल दिव्यातही चुकायचा. अळीच्या बोटभर अलीकडेच जबडा मिटायचा.

"आंधळी असन," मुबीन म्हणाला.

"आंधळी असती तर अळीकडे गेलीच नसती."

दिवाळीच्या आधी गुणवंतराव आपल्या मुलीला, दिव्यानीला, घेऊन स्टुडिओत आले. ते जवळच्याच गावचे, धानाची शेती करणारे. दिव्यानी दहावीला होती. केस, भुवया, कातडी, सगळं जन्मापासून पांढरं. परीक्षेच्या फॉर्मवर लावायला फोटो हवा होता. आधीचा शाळेने परत केला होता, कारण त्यात डोळे मिटलेले होते.

मुबीनने दोन मोठे दिवे लावले. दिव्यानीने मान खाली घातली. तीनदा वर बघायला लावलं, तिन्ही वेळा डोळे गच्च मिटले आणि गालांवर पाणी आलं.

"जिद्दी हाये लय," गुणवंतराव चिडून म्हणाले. "घरी बी अशीच. अंगणात बोलावलं का डोळे मिटून घेते."

"जिद्द नाई करून राह्यली मी," दिव्यानी पुटपुटली. "सगळं पांढरं होऊन जाते."

अंजुम पडद्याआडून ऐकत होती. तिने येऊन दोन्ही दिवे बंद केले. मुबीन बघतच राहिला. तिने खुर्ची आतल्या दाराशी नेली, तिथे रस्त्यावरचा उजेड भिंतीला लागून मंद होऊन यायचा.

"कॅमेरा तिपाईवर ठेवा, शटर हळू ठेवा, जरा जास्त वेळ उघडं राहू द्या. ती हलणार नाई."

"हलन. डोळे हलतेत माह्ये," दिव्यानी म्हणाली. "मान जराशी वाकडी ठेवली का थांबतेत."

"मग ठेव वाकडी."

मुबीनने पुटपुटत का होईना, फोटो काढला. तासाभराने निगेटिव्ह वाळल्यावर अंजुमने दिव्यानीला अंधारखोलीत बोलावलं. लाल दिव्यात मुलीचं कपाळ सैल झालं. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी ओठ उमटले, मग नाकपुड्या, मग सताड उघडे डोळे. अंजुमने गुणवंतरावांना हाक मारली. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"एवढे मोठे हायेत हिचे डोळे?" ते म्हणाले. मग बाहेर गेले.

दिव्यानीचं लक्ष बरणीकडे गेलं होतं.

"ही काऊन अशी?"

"तुले विचारणार होती मीच," अंजुम म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

दिव्यानी मात्र हसली. "विचारा ना बाई. शाळेत सगळे माह्या मागून विचारतेत."

अंजुमने सगळं सांगितलं. पापणी नसल्याचं ऐकून दिव्यानी बरणीजवळ वाकली. "बिचारी. मले मिटता तरी येतेत."

अंजुमने आत अळी सोडली. पालीने मान तिरकी केली, झेप घेतली आणि चुकली.

"बाई, अळी पांढरी अन् खालचा पुठ्ठा बी पांढरा," दिव्यानी म्हणाली. "मले पांढऱ्या बशीत भात कुठवर हाये ते समजत नाई. मी केळीच्या पानावर घेतो."

अंजुमने फोटोपेपर ज्यात गुंडाळून येतो तो काळा कागद फाडून आत सरकवला. दुसरी अळी सोडली. पाल थबकली, मान वळवली, झेपावली. चुकली. पाल पुन्हा सरकली आणि या वेळी अळी तिच्या जबड्यात होती.

"घेतली!" दिव्यानी ओरडली. बाहेरून मुबीनने विचारलं, काय झालं. अंजुमने तोवर पुढची अळी उचलली होती.

त्यानंतर अंजुमने सलग आठ दिवस मोजलं. काळ्या कागदावर दहातल्या सात वेळा नेम लागायचा. उरलेल्या तीन वेळा का चुकतो, ते तिला कळलं नाही. अंतर कळत नसेल, असं दिव्यानीचं म्हणणं. तिलाही पायरी उतरताना तसंच व्हायचं.

शाळेने फोटो ठेवून घेतला. फॉर्म भरल्यावर दिव्यानीने गुरुजींना स्वतःच सांगितलं, की खिडकीजवळचा बाक नको, भिंतीकडचा द्या. मार्चच्या उन्हात परीक्षेला गुणवंतराव तिला सायकलवर सोडायला आले, तेव्हा एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने त्यांनी तिच्यावर छत्री धरली होती.