डाव्या खांद्यावर दोनदा

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला शहाणपणा शिकवायला नको. अठ्ठावीस वर्षं मी नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर बसून फिरले आहे. आंबोली, वरंध, ताम्हिणी, कशेडी, माळशेज, आंबा घाट, सगळं झालंय. आणि यातल्या एकाही घाटातून खालची दरी कशी दिसते हे मला धड माहीत नाही. कारण नंदकुमार, म्हणजे माझा नवरा, गाडी थांबवत नाही.

थांबवत नाही म्हणजे नाहीच. ट्रॉम्बेच्या संशोधन केंद्रात जन्मभर यंत्रांची मापं घेतलेला माणूस, त्याला रस्त्यावरही मिनिटामिनिटाची पडलेली. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तीन खुणा ठरवल्या होत्या. उजव्या खांद्यावर एकदा थोपटलं तर मागून मोठी गाडी येतेय. कमरेला चिमटा काढला तर हळू चालव. डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं तर थांब, मला बघायचंय. पहिल्या दोन खुणा तो इमानदारीत पाळायचा. तिसरी आली की मान अर्धी वळवून ओरडायचा, "येताना थांबू." येताना एक तर अंधार असायचा, नाहीतर धुकं. माझ्याकडे सगळ्या घाटांचे फोटो आहेत, चालत्या गाडीवरून काढलेले, आणि प्रत्येक फोटोत अर्धं नंदूचं हेल्मेट.

तर या फेब्रुवारीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. मानेत नस दबली होती. क्लच दाबता येईना. डॉक्टर म्हणाले, मागे बसून फिरायला हरकत नाही, पण चालवायची नाही. त्यातलं त्याने फक्त शेवटचं ऐकलं. बुलेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली. रविवारी सकाळी तो खाली जायचा, कव्हर काढायचा, गाडी चालू करून पाच मिनिटं शेजारी उभा राहून आवाज ऐकायचा आणि बंद करून वर यायचा. मी गॅलरीतून बघायचे.

गणपती गेले आणि चौथ्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की गाडी विकली. घाटकोपरचा सर्वेश म्हणून एक मुलगा आहे, पाहून गेलाय, रविवारी येऊन घेऊन जाईल. ज्या घरात चालवणारं कोणी नाही, तिथे गाडी उभी ठेवून तिचे हाल करू नयेत, असंही वर ऐकवलं. मी म्हटलं, मी चालवीन. तर हा हसला. वाईट नव्हता हसला, पण माझं डोकंच फिरलं.

कारण त्याला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. मार्चपासून मी दर शनिवार-रविवार पहाटे 'योगा'ला जात होते. तो योगा मिठागर रोडच्या पलीकडे, मोकळ्या रस्त्यावर चालायचा आणि शिकवायची आमच्याच बिल्डिंगमधली श्वेता, जी बायकांना मोटरसायकल शिकवते. वीस वर्षं मी स्कूटर चालवलीय, पण गिअरची गाडी वेगळी. पहिल्या महिन्यात तीनदा आडवी झाले. नडग्या काळ्यानिळ्या. एकदा नंदूने विचारलंही, कसला गं हा योगा, पाय फुटेपर्यंत करतात का. मी म्हटलं, कठीण आसनं आहेत.

त्या दिवशी आमटीच्या वाटीशेजारी मी माझं गिअरच्या गाडीचं लायसन्स ठेवलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग हात धुवून आला आणि म्हणाला, मिठागराच्या सपाट रस्त्यावर कोणीही चालवेल. शनिवारी माळशेज. पायथ्यापासून माथ्यापर्यंत. मागे माणूस बसलेला असताना.

"मी हात पुढे आणणार नाही," तो म्हणाला. "पण मी खूण केली तर ऐकायची, वाद नको. ऐकली नाहीस तर रविवारी सर्वेश गाडी घेऊन जाईल."

मी म्हटलं, कबूल. खुणा माझ्याच, मला काय शिकवतोस.

शनिवारी साडेपाचला आम्ही खाली उतरलो. वॉचमन गुणाजी, सावंतवाडीकडचा, गेट उघडताना हातातली किल्ली तशीच धरून उभा राहिला. "वयनी, आज तुमी फुडे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, आणि कोणाला सांगू नकोस. तोवर दुसऱ्या मजल्यावरचे मार्तंडकाका गॅलरीत आलेच होते. म्हणजे सगळ्या सोसायटीला कळणार हे ठरलं. पडले तर मुलुंड सोडून जावं लागेल, असा विचार करत मी क्लच सोडला.

कल्याण, मुरबाड, सरळगाव. सकाळचा गार वारा, दोन्ही बाजूंना पोपटी भात, आणि माझ्या दोन्ही मुठींत ती गाडी. मागे बसून इतकी वर्षं मला बुलेट म्हणजे एक आवाज वाटायची. पुढे बसल्यावर कळलं की ती सारखी काहीतरी सांगत असते. गिअर बदल म्हणते, आता सोड म्हणते, आता दे म्हणते. मी हेल्मेटमध्ये एकटीच हसत होते. नंदू मागे इतका ताठ बसला होता की मला सिलिंडर बांधून आणल्यासारखं वाटत होतं. टोकावड्याला चहा प्यायला थांबलो तर म्हणाला, तिसऱ्या गिअरमध्ये उशिरा टाकतेस. मी म्हटलं, चहा पी.

घाट सुरू झाला आणि समोरचे कडे ढगातून बाहेर आले. काळ्या कातळावर धबधब्यांच्या बारीक रेघा उरल्या होत्या, आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुलं नुसती पसरली होती. पहिली दोन वळणं झकास गेली. तिसऱ्याला वाट लागली.

पुढे टोमॅटोचे रिकामे क्रेट लादून एक टेम्पो ओतूरकडे चालला होता. वळणाच्या ऐन तोंडावर वरून एसटी आली, टेम्पो थांबला, मला चढावर थांबावं लागलं. पाय टेकला, पण हाताला घाम आलेला, क्लच सुटला आणि गाडी दचकून बंद पडली. वीतभर मागे घरंगळली. पाठीमागच्या कारवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पाच मणांची गाडी, वर नंदू, आणि माझा एक बूट ओल्या डांबरावर. आता याचा हात पुढे येणार आणि हँडल धरणार, मग सगळं संपलं, असं मला वाटलं. मी आरशात पाहिलं. त्याने स्वतःचे दोन्ही गुडघे गच्च धरून ठेवले होते आणि डोळे मिटले होते. गाडी धरायची सोडून स्वतःला धरून बसला होता.

ते बघून मी भानावर आले. मागचा ब्रेक दाबला, बटण मारलं, इंजिन चालू झालं. श्वेताने शंभरदा सांगितलं होतं, घाई नको, क्लच अर्धा सोड आणि ऐक. मी ऐकलं. गाडीने ओढ घेतली तसा ब्रेक सोडला आणि आम्ही निघालो. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. त्याला मी मान हलवून नमस्कार केला, कशाला ते मलाच माहीत नाही.

पुढच्या सरळ पट्ट्यात टेम्पोच्या बाजूने निघून गेले आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू. वळण यायचं, मी आत झुकायचे, गाडी माझ्याबरोबर झुकायची, वळण संपता संपता ती उठायची आणि पुढचं वळण समोर हजर. एका बाजूला कातळ, पाण्याचे तुषार तोंडावर. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं आभाळ. छोट्या बोगद्यातून जाताना तिचा आवाज दुप्पट झाला आणि मी चक्क ओरडले. छप्पन्न वर्षांची बाई, विमा कंपनीतून निवृत्त, बोगद्यात ओरडतेय. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. रस्ता मोकळा होता, गाडी तिसऱ्यात गुरगुरत होती आणि मला ते कधीच थांबायला नको होतं.

बोगद्यानंतर दोन वळणांनी तो कठडा आला. तोच, जो मी अठ्ठावीस वर्षं डोळ्यांच्या कडेने पाहत आले होते. पाचसहा गाड्या लावलेल्या, कणीसवाल्याचा धूर, कठड्याला टेकून फोटो काढणारी माणसं, आणि त्यांच्यापुढे एकदम खोल गेलेलं हिरवं. आणि माझ्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं गेलं.

मला कळलं. न कळायला काय झालं, खूण माझीच. त्याला थांबायचं होतं, बघायचं होतं. पण पुढे रस्ता डावीकडे असा छान वळत होता, गाडी अशी लयीत होती, की ब्रेककडे माझा हात गेलाच नाही. मी मान अर्धी वळवली आणि ओरडले, "येताना थांबू."

कठडा गेला. पुढची दोन वळणंही गेली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की मी हे काय करून बसले. एकच अट होती. खूण केली तर ऐकायची. क्लच सुटला होता तरी तो गप्प बसला, हात पुढे आणला नाही, त्याने आपला शब्द पाळला होता. आणि मी माझ्या हौसेपायी गाडी घालवली. थांबायला जागा नव्हती आणि परत वळायलाही नव्हती. उरलेला घाट मी रडकुंडीला येऊन चढले, आणि तरी सांगते, वळण एकही चुकलं नाही.

माथ्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी लावली. नंदू उतरला, हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. टपरीवाल्याला दोन बोटं दाखवून चहा सांगितला आणि खिशातून फोन काढला. मी मागोमाग गेले आणि सुरूच झाले. मागून कार होती म्हटलं, तिथे चिखल होता म्हटलं. कार नव्हती, चिखलही नव्हता. त्याने हात वर करून मला गप्प केलं, कारण पलीकडून फोन उचलला गेला होता.

"सर्वेश, नंदकुमार बोलतोय मुलुंडहून. उद्या येऊ नकोस. गाडी विकायची नाही."

पलीकडे तो पोरगा बराच वेळ काहीतरी बोलला. नंदूने ऐकून घेतलं.

"किमतीचा प्रश्न नाही रे. चालवणारं माणूस घरातच निघालं. खात्री? अरे, मी थांब म्हणून दोनदा थोपटलं, तरी थांबली नाही ती. अशा माणसाच्या हातून गाडी काढून कोण घेणार?"

त्याने फोन खिशात ठेवला. मी चहाचा कप धरला होता तो सांडला, अर्धा माझ्याच बुटावर. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि टपरीवाला बघत होता म्हणून मी हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत बसले. नंदू बाकावर माझ्या शेजारी बसला. आपल्या डाव्या हाताची दोन बोटं उजव्या हाताने चोळत होता, आता सवयच लागलीय त्याला.

"मागे बसून तुला इतकी वर्षं असंच वाटायचं का गं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो, अगदी असंच, रडायला यायचं कधीकधी. मग मलाच राहवेना. मी म्हटलं, पण पुढे बसल्यावर थांबवत नाही रे खरंच, मला काय माहीत. तो म्हणाला, मी सांगायचो ना. मी म्हटलं, तू कधी सांगितलंस, तू फक्त येताना थांबू म्हणायचास. यावर थोडं भांडण झालं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा आम्ही नीट भांडलो. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक चहा सांगितला.

उतरताना मी कठड्यापाशी गाडी बाजूला घेतली. खोटं कशाला सांगू, सगळं धुकं होतं. हाताच्या अंतरावर कणीसवाला, बाकी पांढरं. पण या वेळी मी हलणार नव्हते. दोन कणसं घेतली, कठड्यावर कोपरं टेकली आणि थांबले. नंदूने सवयीने घड्याळ पाहिलं. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, त्याने बाही खाली ओढून घेतली.

पाऊण तासाने धुकं एका बाजूने सरकलं आणि दरी उघडली. देवा रे, केवढी खोल. तळाशी भाताच्या पोपटी चौकटी, एक नदी, कौलारू घरं बोटाच्या पेराएवढी. आणि डोंगराच्या अंगावर वळत वळत चढलेला आमचाच रस्ता, ज्याच्यावरून मी आम्हा दोघांना वर आणलं होतं. मी कणीस हातात तसंच धरून बघत राहिले. नंदूने बोट दाखवून विचारलं, ते तिसरं वळण ना, जिथे बंद पडली? मी म्हटलं, ते सोड. पुढच्या महिन्यात आंबोली.

"तिथे तरी थांबशील ना?" तो म्हणाला.

मी हेल्मेट डोक्यात घातलं, गाडीवर बसले आणि बटण दाबलं.

"येताना," मी म्हटलं.