बिनकडीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण घराच्या मुख्य दरवाजाचा थाट माझ्याकडे नाही. माझ्यावर कुणाचं नाव नाही, घंटी नाही, नक्षी तर नाहीच. दोन घरांच्या मधल्या भिंतीत बसवलेला, उंच माणसाला मान झुकवूनच जावं लागेल असा मी. माझी खरी ओळख सांगायची तर मला कडी नाही. ती का नाही हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्हांला नीट समजेल.

दरवाजा होण्याआधी मी एका गादीवाल्याच्या घरातला पलंग होतो. त्या गादीवाल्याचे दोन मुलगे माझ्यावर झोपत, थोरला भिंतीकडे आणि धाकटा त्याच्या पाठीला पाठ लावून. धाकट्याचं आणि झोपेचं लहानपणापासूनच वाकडं. अंथरुणावर पडला की त्याचे डोळे टक्क उघडे. मग थोरला माझ्या फळीवर बोटांनी टुंग टुंग असं वाजवत राही. त्यांच्या वडिलांच्या पिंजणाचा तसा आवाज यायचा. पिंजण म्हणजे कापूस मोकळा करायची मोठी कमान, तिला ताणून बांधलेली तात वाजली की कापूस फुलतो. तो टुंग टुंग ऐकत धाकटा कधी झोपी जाई ते त्याचं त्यालाच कळत नसे.

पुढे आईवडील गेले. दोघांची लग्नं झाली. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला बापू. एकाच लांबट घराची मध्ये भिंत घालून दोन घरं झाली. पलंग काही दोन्हीकडे मावेना, आणि मोडीत काढायला कुणाचं मन होईना. शेवटी सुताराने माझ्या फळ्यांचा दरवाजा केला आणि मला त्या भिंतीत बसवलं.

आता कडीची गोष्ट. कडी कुठल्या बाजूला लावू, असं सुताराने विचारलं. दादाची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाली की धाकटीच्या बाजूला लावा, नवी नवरी आहे, तिला मोकळं वाटायला हवं. धाकटी म्हणाली, छे, मोठ्या जाऊबाईंच्या बाजूलाच हवी. या दोघींचं तुम्ही आधी, तुम्ही आधी इतकं रंगलं की सुतार कंटाळला. कडी पिशवीत टाकून तो जो गेला तो गेलाच. त्याची मजुरी मात्र तो घेऊन गेला, हे वहिनी पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. या घरातली वाटी त्या घरात, त्या घरातली चाळणी या घरात. कुठली वस्तू कुणाची याचा हिशोब दोघींनी केव्हाच सोडून दिला होता. बापूची मुलगी मला धरून उभं राहायला शिकली. तिच्या बोटांचे ठसे खालच्या फळीवर इतके साठले की तिथला रंगच उडाला. धाकटी नवऱ्यावर रुसली की माझ्यातून इकडे यायची आणि वहिनीने हसवलं की माझ्यातूनच परत जायची. आल्यागेल्याला दादा मला दाखवून म्हणायचा, हा आमचा सगळ्यांत कामाचा माणूस. मला माणूस म्हटलं म्हणून मी मनातल्या मनात फुगून जायचो.

मग बापूने फोमच्या गाद्यांचा धंदा काढला. डोकं तल्लख होतं आणि बोलणंही गोड. बघता बघता कारखाना उभा राहिला. त्याच्या बाजूच्या घरावर मजल्यावर मजले चढले. घराचं तोंड आमच्या बोळाकडे होतं, ते फिरवून मागच्या रुंद रस्त्याकडे केलं. तिथे मोठं फाटक आलं, फाटकाशी खोली आली आणि खोलीत पहारेकरी आला. दादा मात्र बोळाच्या बाजूला कापूसच पिंजत राहिला. दोघांत वितुष्ट नव्हतं हो. एकाची गाडी पुढे गेली आणि दुसऱ्याला तिचं कौतुक होतं, एवढंच.

पण मित्रांनो, गंमत अशी की गावाला झोप विकणाऱ्या बापूची स्वतःची झोप पार उडाली. त्याच्या कारखान्यातली सगळ्यांत महाग गादी त्याच्या खोलीत होती. तिच्यावर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राही. वैद्य झाले, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी एका दुपारी तो माझ्यातून मान झुकवून इकडे आला आणि चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी कापसाच्या ढिगावर आडवा झाला. दादाने पिंजण हातात घेतलं. टुंग टुंग सुरू झालं आणि बापू घोरायला लागला.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. उठल्यावर वहिनी त्याच्या केसांतला कापूस वेचून काढी आणि मग त्याला जाऊ देई. दादाने ही गोष्ट कधी बाहेर फोडली नाही. गादीच्या कारखानदाराला झोप येत नाही, हे लोकांना कळलं तर भावाच्या धंद्याचं हसं होईल, असं तो वहिनीला म्हणायचा.

एकदा बापूकडे बडे पाहुणे आले होते आणि नेमका वाऱ्याने मी उघडलो. कापसाचा भुरा पाहुण्यांच्या चहात पडला. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या बाजूने मला पितळेची कडी बसवली. वाईट हेतूने नाही, पाहुणे असतील तेवढ्यापुरतीच, असं वहिनीला सांगूनही आली. पण कडी असली की ती लागतेच. पाहुणे गेल्यावर ती काढायचं हळूहळू राहून जाऊ लागलं. मग बापू आला की आधी कडी खुट्ट वाजे आणि मग मी उघडे.

मला भिंतीतून उपटलं ते मात्र कडीने नव्हे, कायद्याने.

बोळाच्या टोकाला आणखी एक जुना गादीवाला होता. फोमच्या गादीने पाठ धरते, असं तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला होता. बापू संतापला. त्याच्या वकिलाने कुठूनतरी एक जुनापुराणा कायदा हुडकून काढला. रॉकेलच्या दिव्यांच्या काळात कधीतरी मोठी आग लागली होती, तेव्हाचा तो. कापूस साठवलेल्या घराला शेजारच्या घरात किंवा अंगणात उघडणारी खिडकी वा दार नको, असा. दिवे गेले, वीज आली, पण कायदा तसाच पडून होता. बापूने त्याच्या आधारे तक्रार ठोकली. पालिकेचा तपासनीस आला आणि त्याने त्या गादीवाल्याची शेजारच्या अंगणात उघडणारी खिडकी विटांनी बंद करवली. बापू खूश झाला.

त्याची खुशी फार टिकली नाही. तपासनीस सरळ माणूस होता. आलोच आहे तर बोळातलं दुसरं कापसाचं घरही बघून जातो, म्हणून तो दादाकडे शिरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बापू धावत आला. हा दरवाजा घरातला आहे, आम्ही सख्खे भाऊ आहोत, अशी त्याने बरीच मनधरणी केली. तपासनीस शांतपणे म्हणाला, "साहेब, कायदा तुम्हीच जागा केलात. त्याच्या खिडकीला लागू झाला, तर तुमच्या दाराला कसा लागू होणार नाही? एक तर इथला कापूस हलवा, नाहीतर दार चिणा."

कापूस हलवायचा म्हणजे दादाचं पोटच हलवायचं. बापू मान खाली घालून उभा राहिला. शेवटी दादानेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चिणू दे रे," तो म्हणाला. "दार गेलं म्हणून काय झालं? रस्त्याने ये. कोपऱ्यावरून वळसा घातला की आलंच आपलं घर."

"येतो ना दादा," बापू म्हणाला. "रोज येतो."

गवंडी आला. मला बिजागऱ्यांतून सोडवलं आणि माझ्या जागी विटा रचल्या. धाकटीने पितळेची कडी काढून घेतली. पण ती मिरवत नेली नाही, पदराखाली झाकून नेली, हे मी सांगायला हवं.

बापू रस्त्याने आला, नाही असं नाही. दोनतीनदा आला. पण मागच्या रस्त्यावरून त्याला पायी निघालेला बघून लोक थांबवत, कुणी काम काढे, कुणी नमस्कार करून बोलत बसे. गाडी बोळात शिरत नसे. भर दुपारी आपण कुठे निघालो हे कुणाकुणाला सांगणार? मग आज राहू दे, उद्या जाऊ, असं होत गेलं. त्याने आपला पलंग चिणलेल्या भिंतीला लावून घेतला, असं धाकटी वहिनीला एकदा सांगून गेली. पलीकडून पिंजणाचा आवाज येतो का, म्हणून तो भिंतीला कान लावून पडे. विटांतून काही ऐकू येत नसे. पण जरा बाहेर पडून चालत यावं, हे काही त्याच्याने होईना.

दादाने मला अडगळीत टाकलं नाही. दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवून तो माझ्यावर गाद्या शिवू लागला. इतकी वर्षं उभा राहिलेला मी पुन्हा आडवा झालो. त्याच्या छातीत तोवर कापसाने घर केलं होतं. खोकल्याची उबळ आली की तो दोन्ही हातांनी मला धरून उभा राही. वहिनी काम पुरे म्हणायची, पण एक शेवटची गादी करायचीच, असा त्याचा हट्ट होता. निवडून निवडून कापूस घेतला, पुन्हा पुन्हा पिंजला. चारी कोपऱ्यांना त्याने वडिलांचा टाका घातला, आत वळवून घ्यायचा, आता कुणाला येत नाही तो. ती गादी बापूसाठी होती.

मग एका सकाळी ती खांद्यावर टाकून, दर दहा पावलांवर दम घेत, तो वळसा घालून मागच्या रस्त्याने गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. वहिनीने विचारलं तर एवढंच म्हणाला की पोचती केली.

त्यानंतर तो वाट बघू लागला. बोळात पाऊल वाजलं की मान वळवी. बापू आला नाही, निरोपही आला नाही. गादी आवडली नसेल, असं एकदा तो स्वतःशीच बोलला. पुढे पिंजण भिंतीवर टांगलं गेलं ते गेलंच. तो अंथरुणाला खिळला. बापूकडे निरोप धाडू का, म्हणून वहिनीने विचारलं. दादाने मानेनेच नको म्हटलं. यायचं असतं तर आला असता, हे त्याला बोलून दाखवायचं नव्हतं.

आणि एके दिवशी टळटळीत उन्हात बापू पळत आला. पायांत वहाणा नव्हत्या. बोळातले लोक बघत राहिले. त्याने भावाची अवस्था पाहिली आणि अंथरुणाशी मटकन बसला. दादाला बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी त्याने पहिलं तेच विचारलं.

"लागली का रे झोप?"

बापूने त्याचा हात हातात घेतला. "लागली दादा," तो म्हणाला. "लहानपणी लागायची तशी लागली."

दादाचा चेहरा असा उजळला की वहिनीला वाटलं, आता हा बरा होणार. तो बरा झाला नाही. बापू त्याचा हात धरून बसला होता, आणि त्याच आठवड्यात दादा गेला.

खरं काय ते बापूने नंतर वहिनीला सांगितलं, तेव्हा तो माझ्यावर डोकं टेकून रडत होता. त्याच्या फाटकाशी व्यापारी नमुन्याच्या गाद्या घेऊन यायचे आणि भंडावून सोडायचे. म्हणून त्यानेच पहारेकऱ्याला बजावून ठेवलं होतं, गादी घेऊन येईल त्याला आत सोडायचं नाही. पहारेकरी नवा होता. दादाने आपण साहेबांचे भाऊ म्हणून सांगितलं, तर तो हसून म्हणाला की इथे येणारे सगळे भाऊच असतात. दादाने गादी त्याच्याकडे सोपवली, साहेबांना द्या म्हणून सांगितलं आणि तो परत फिरला. पहारेकऱ्याने ती आपल्या बाकड्यावर अंथरली. बापू पळत आला त्या दुपारी त्याला हा पहारेकरी भर कामात गाढ झोपलेला सापडला होता. खडसावायला म्हणून बापूने गादीचं टोक धरून ओढलं आणि कोपऱ्याचा टाका त्याच्या हाताला लागला.

पुढे काही महिन्यांनी तोच तपासनीस पुन्हा बोळात आला. निरुपयोगी कायदे सरकारने रद्द केले, त्यात तो कापसाचाही गेला, आता हवं तर दार पुन्हा बसवा, असं सांगायला. "आता कुणासाठी?" एवढंच वहिनी म्हणाली. पण बापूने त्याच दिवशी भिंत फोडली. मला पुन्हा उभं केलं. सुताराने पुन्हा तेच विचारलं, कडी कुठल्या बाजूला? या वेळी कुणीच बोललं नाही. सुताराने कडी पिशवीत टाकली.

आता दुपारी बापू माझ्यातून मान झुकवून येतो आणि दादाने शिवलेल्या गादीवर पडतो. वहिनी भिंतीवरचं पिंजण काढते. तिला ते नीट वाजवता येत नाही, तात कधी सैल वाजते, कधी नुसतीच खरखरते. बापू डोळे मिटून घेतो आणि हळूच घोरल्यासारखं करतो. तो झोपलेला नाही हे मला कळतं. वहिनीलाही कळत असावं, पण तिचा हात थांबत नाही.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना तेल घाला, मला रंग द्या, असं मी मागणार नाही. मी जुना झालोय, माझं होईल कसंतरी. तुमच्या घरात असा एखादा दरवाजा असेल तर त्याच्यातून येत-जात राहा, एवढंच माझं मागणं आहे. आणि कधी कुणी तो चिणलाच, तर आमच्या बापूसारखं विटांना कान लावून पडून राहू नका. त्या कायद्याने फक्त मला बंद केलं होतं. रस्ता उघडाच होता.