खंड्या, ती लेन्स आणि मी

मी एक दुर्बीण बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी मत्सरी आहे. आयर्लंडमधल्या नास गावात, जिन्याखालच्या कपाटात मी रेनकोटांच्या गर्दीत लटकते, आणि माझ्या डोक्यावरच्या फळीवर, मऊ अस्तराच्या पेटीत ती झोपते. ती म्हणजे विनयच्या कॅमेऱ्याची लांबुडकी लेन्स.

मी आधीची. विनय नागपूरहून इथल्या कॉर्क शहरात शिकायला आला, तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने मला उचललं. दर रविवारी बसने समुद्रकाठी जायचं आणि थंडीने बोटं आखडेपर्यंत पक्षी बघायचे. त्याच्या कपाळाचा घाम माझ्या रबराला लागलाय. पुढे नोकरी लागली, नासला घर झालं, आणि २०२० च्या फेब्रुवारीत ती आली.

तिला पुसायला वेगळं फडकं, वेगळा ब्रश. मला शर्टाचं टोक. तिने टिपलेला बगळा मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेला की बदामांचा पाऊस पडायचा. मी पाहिलेलं मात्र कुठेच उरत नाही. माझी जळजळ होते ती यानेच.

त्याच सुमारास विनयचे बाबा, पुरुषोत्तमराव, दोन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. मे महिन्यात घरापासून पाच किलोमीटर फिरायची परवानगी मिळाली. गावाजवळचा कालवा तेवढ्यात बसत होता. तिथे काठाच्या मातीत विनयला खंड्याचं बीळ सापडलं. तो तिपाई लावून बरोब्बर बिळाजवळ बसला.

"बाबा, तुम्ही लांब बाकावर बसा. ही घ्या, तेवढाच टाइमपास."

टाइमपास! मी आतल्या आत धुमसले.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी माझ्या उजव्या भिंगाभोवतीची कडी हळूहळू फिरवली, त्यांच्या नंबराला आणून ठेवली आणि म्हणाले, "हां, आत्ता दिसलं." फार दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी एवढा वेळ दिला होता.

खंड्या आला. निळा, चोचीत मासा. विनयच्या डोक्यावरून गेला, वळला आणि पलीकडच्या फांदीवर बसला. पुन्हा आला, पुन्हा परत. उडताना लेन्सच्या हाती लागत होता तो नुसता निळा फराटा. मला काय आनंद झाला! वाटलं, पाखरूही माझ्याच बाजूचं आहे. अर्धा तास मी मजेत होते.

मग बाबांचे हात थांबले.

"विनय, ऊठ तिथून!"

"बाबा, एकच फ्रेम. ग्रँड आहे, काही होत नाही, त्याला सवय होते."

"कशाची सवय? त्याच्या चोचीतला मासा पाह्य ना. डोकं बाहेर आहे. स्वतः खायचा असता तं डोकं घशाकडे धरलं असतं. हा भरवायचा मासा आहे बाप्पा! आत पिल्लं उपाशी अन् तू दारात बसून राहिला."

नागपुरात फुटाळा तलावाच्या काठी रोज सकाळी फिरून बाबांनी हे पाहून ठेवलं होतं. विनयने कॅमेऱ्यात फांदीवरचा फोटो मोठा करून पाहिला. मासा स्पष्ट होता, डोकं बाहेर. त्याचा चेहरा उतरला. तिपाई उचलून तो बाकावर येऊन बसला. दोन मिनिटांत खंड्या बिळात शिरला.

लेन्सने मासा माझ्यापेक्षा स्वच्छ पाहिला होता, हे कबूल करायला मला जड जातं. आणि मी? मी पिल्लांच्या उपासावर खूश होत होते. त्याची लाज वाटते. पण मत्सर गेला म्हणाल, तर छे.

ऑगस्टमध्ये बाबांना परतीचं विमान मिळालं. विनय मला त्यांच्यापुढे धरून म्हणाला, "बाबा, ही घेऊन जा. माझ्याकडे पडूनच असते."

"राहू दे. तुलाच लागेल."

आता २०२१ चा मे आहे. नागपुरात बाबांना ऑक्सिजन लावलाय आणि विनयला इथून जाता येत नाही. काल संध्याकाळी कपाट उघडलं, त्याचा हात वरच्या फळीकडे गेला, थांबला आणि खाली माझ्याकडे आला.

तो कालव्याकाठच्या त्याच बाकावर जाऊन बसला. मला डोळ्यांना लावलं. डावीकडे स्वच्छ, उजवीकडे सगळं धूसर, कारण तिथे अजून बाबांचाच नंबर होता. सवयीने त्याचं बोट कडीवर आलं. माझा जीव घाबरा झाला. लेन्सकडे बाबांचे शंभर फोटो आहेत. चहा पिताना, हसताना, टोपी सावरताना. माझ्याकडे त्यांची एवढी एकच खूण आहे.

फिरवू नकोस रे, विनय. ते येतील, बाकावर बसतील आणि म्हणतील, हां, आत्ता दिसलं. तोवर राहू दे.

बोट कडीवर बराच वेळ होतं. मग त्याने ते काढून घेतलं, उजवा डोळा मिटला आणि एकाच डोळ्याने खंड्याची वाट बघत बसला.