गेटवरचा तिसावा टक्

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. दुकानातला लाकडी नव्हे; मुठीत मावणारा, स्टीलचा, माणसं मोजणारा. अंगठ्यानं दाबलं की टक् आवाज होतो आणि माझा आकडा एकानं पुढं सरकतो. स्वभावानं मी संशयी आहे. जन्मतः नव्हतो, अनुभवानं झालो.

माझी पहिली नोकरी लातूरच्या एका प्रदर्शनाच्या गेटवर होती. दुपारी गेट ओस पडलं की तिथला मॅनेजर चहा पीत मला उगाच दाबत बसायचा. संध्याकाळी माझा फुगलेला आकडा माइकवरून सांगायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मला फार लाज वाटायची, पण मला विचारतो कोण? तेव्हापासून मोठा आकडा दिसला की मी आधी बघतो, अंगठा कुणाचा आहे.

पुढं मी नायगावला आबेदाबाजींकडे, म्हणजे आबेदाताईंकडे, आलो. मंगळवारी फुकट डोळे तपासणारं एक छोटं केंद्र त्या सांभाळतात. केंद्राला पैसे देणाऱ्या संस्थेनं कळवलं होतं, महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी तीस पेशंट आले नाहीत तर केंद्र बंद. मग म्हाताऱ्यांनी थेट नांदेड गाठायचं. किती जण जाणार, हे बाजींना ठाऊक होतं. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ टाकून प्रचार सुरू केला. पहिल्या मंगळवारी माझा आकडा होता नऊ.

प्रचाराचा उपयोग होतो की नाही, हे मोजायचं साधन निवडायला त्यांनी लातूरच्या, कॉम्प्युटर जाणणाऱ्या शिवप्रसादला बोलावलं. त्यानं लॅपटॉप उघडून एका महागड्या साधनातले रंगीत आलेख दाखवले.

"बाजी, चाळीस हजार लोकांनी बघितलं!"

"अन् आले नऊ? बाकीचे कुठले हैत?"

ते त्या महागड्या साधनात नव्हतं. मग त्यानं दुसरं, साधंसुधं साधन उघडलं. त्यात फक्त बघणाऱ्यांची गावं दिसत. बहुतेक बघणारे पुण्याचे आणि हैदराबादचे निघाले.

"बेकार झालं," बाजी म्हणाल्या. "पुण्याचे लोक डोळे दाखवायला इथं येनार हैत का?"

मी मनात म्हटलं, बघा, इथंही कुणीतरी चहा पीत अंगठा दाबतोय.

दुसऱ्या मंगळवारी काठी टेकत दगडोबा आले. रजिस्टरमध्ये नाव लिहिताना बाजींनी सहज विचारलं, "काका, तुमाला कसं कळलं?"

"पुण्याहून लेकीनं फोन केला. तिच्या मोबाईलात तुमी दिसलाव म्हनं. माज्याकडं कुठला आलाय तसला फोन!"

बाजी मला दाबायचंच विसरल्या. ते बघणारे परके नव्हते, इथल्याच म्हाताऱ्यांची लेकरं होती. माझा संशय साफ चुकला होता. मी आलेली माणसं मोजतो. कुणी पाठवली, हे मला कुठं कळतं?

बाजींनी तेच साधं साधन ठेवलं. रजिस्टरमध्ये 'कुणी सांगितलं?' असा रकाना आखला. नवा व्हिडिओ लेकरांसाठी केला: आई-बाबांना आजच फोन करा.

शेवटच्या मंगळवारी गेटवर गर्दी झाली. त्या दिवसाची वेळ संपायला अर्धा तास होता आणि माझा आकडा होता तीस. शिवप्रसाद हसून म्हणाला, "झालं बाजी! कळवून टाका."

बाजींनी रजिस्टरवर बोट ठेवत नावं मोजली. एकोणतीस.

"ह्यो जुना झालाय. एका दाबात दोन सरकतो कदी कदी."

"एकानं काय फरक पडतो? कोन बघतंय?"

बाजींनी रजिस्टर पुढ्यात ओढलं. मला शून्यावर आणलं आणि एकेका नावाला एकदा, असं एकोणतीस वेळा दाबलं. मग मला मुठीत घेऊन गेटवर बसून राहिल्या.

दहा मिनिटं उरली असताना दगडोबा परत आले. मागं डोळे दाखवायला आलेली त्यांची बायको यशोदाबाई होती.

"लेक लई भांडली," ते म्हणाले. "म्हनली, एकटेच जाऊन आलाव? आईला कोन नेनार?"

टक्.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या, आणि आमचा आकडा एकदा ताडूनही बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर संशय घेतला होता, आणि मला फार बरं वाटलं.