दहा फुटांवरच्या जावा

साथ आली आणि गल्लीतला भाजीबाजार बंद झाला. तीन आठवड्यांनी नगरपालिकेच्या कचेरीने तो शाळेच्या मैदानावर भरवायचं ठरवलं आणि आखणीचं काम आलं नकाशेवालीकडे. कचेरीत तिला सगळे याच नावाने हाक मारत. वयाने सगळ्यांत धाकटी, पण कामाला चोख. चार दिवस कागदात डोकं खुपसून तिने आराखडा केला. अठ्ठेचाळीस चौकोन, दर दोन चौकोनांमध्ये दहा फूट अंतर, आत यायला एक फाटक, बाहेर पडायला दुसरं, मधे नागमोडी वाट. कांदे-बटाटे एका टोकाला, लिंबं-मिरच्या दुसऱ्या.

साहेब म्हणाले, "कागदावर तर झकास दिसतंय."

पहिल्या दिवशी मैदानावरही झकासच दिसलं, फक्त एकतीस नंबरचा चौकोन सोडून. तिथे बटाटेवाली मावशी बसली होती आणि तिच्यापुढे माणसांचा हा गोळा! मागची रांग पार फाटकापर्यंत तुंबलेली.

नकाशेवाली तणतणत गेली. "मावशी, गर्दी होऊ देऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

मावशीने मान डोलावली, किलोभर बटाटे तोलले आणि तिच्यापुढे धरले.

नकाशेवाली बघतच राहिली. तेवढ्यात एका गिऱ्हाईकाने मास्क हनुवटीवर ओढला, मावशीच्या कानाशी वाकून "अर्धा किलो!" म्हणून ओरडला, आणि नकाशेवालीला सगळा उलगडा झाला.

दुपारी बाजार उठला तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून लिंबूवाली लगबगीने आली. "तिला रागावू नका हो बाई. माझी थोरली जाऊ आहे ती. तिला ऐकू येत नाही."

"मग इतकी वर्षं धंदा कसा केला?"

"ओठ बघून. आता सगळ्यांची तोंडं झाकलेली. पूर्वी एखाद्याचे ओठ कळले नाहीत, तर मी होते की शेजारी. एक कोपर मारलं की अर्धा किलो, दोन मारली की किलो."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगून? बहिरी म्हटलं की लोक घासाघिशीत फसवायला बघतात. घरातसुद्धा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

मावशी दोघींच्या डोळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. आपल्याबद्दल चाललंय हे तिने ओळखलं. तिने पदराने वजनं पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. अठ्ठेचाळीस माणसं मैदानावर बसवताना नकाशेवालीने अंतर मोजलं होतं, माल मोजला होता. कोण कुणाच्या आधाराने बसतं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुम्हाला शेजारी बसवते," ती म्हणाली. "पण दहा फूट सोडावेच लागतील."

"दहा फुटांवरून कोपर कसं मारू? माझा हात काय बांबू आहे?"

नकाशेवालीला हसू फुटलं, आणि हसता हसताच सुचलं. वाट जिथे वळते तिथे दोघींना समोरासमोर बसवायचं. गिऱ्हाईक आधी लिंबूवालीपाशी येईल. बटाटे किती हवेत ते तिलाच सांगेल. ती बोटं दाखवेल, आणि माणूस वळण घेईपर्यंत पिशवी तयार!

त्यासाठी बारा चौकोन हलवावे लागणार होते. सगळी दुपार ती पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन नवे चौकोन आखत गुडघ्यांवर रांगली. केस, भुवया, सगळं पांढरंफटक झालं. मावशी जवळ आली, दोन हात अंतर राखून उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी, आज तू माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेस गं."

दुसऱ्या सकाळी सगळ्या मैदानात रांग कुठे झरझर सरकत असेल, तर त्या वळणावर. लिंबूवालीची बोटं उठत होती, मावशीचा तराजू खाली बसत होता. मधूनच लिंबूवाली काहीतरी भलताच इशारा करी आणि दोघी मास्कमागे खुदुखुदू हसत. गिऱ्हाइकांना वाटे, हिशेबाचंच काहीतरी असेल.

पुढे साहेबांनी नकाशेवालीला आणखी तीन मैदानं आखायला दिली. या वेळी तिने आधी मोजायची फीत काढली नाही. वही घेऊन ती एकेका विक्रेत्यापाशी गेली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या शेजारी कोण बसायचं?"