गप्प वायर

"काही झालंच तर फोन करते. नाही आला तर समज, बाळ मजेत आहे," असं सासूबाईंनी सकाळी सांगितलं, तेव्हा तिला ते पटलं होतं. बाळाचं अंग कोमट होतं. मागच्या तापात त्याने डोळे फिरवले होते. पण रजा संपली होती, नवरा कामासाठी परगावी होता, आणि कारखान्यात यंत्रं चालू-बंद करणारी जुनी रिले पॅनेलं काढून पीएलसी बसवत होते. जो शिकेल तो देखभाल विभागात राहील, हे साहेबांनी गोड शब्दांत सगळ्यांना ऐकवलं होतं.

प्रशिक्षणाच्या खोलीत टेबलावर हातभर लांबीचा सरकता पट्टा होता. त्याला छोटी मोटर होती, एक हिरवं बटण, एक लाल. पीएलसी म्हणजे बटणांकडून खबर घेऊन मोटरला हुकूम सोडणारा डबा, एवढं तिला कळलं होतं. तिने वायरी जोडल्या, डब्याने काय करायचं ते सांगणारी शिडीसारखी आकृती संगणकावर काढली. हिरवं दाबलं, पट्टा पळाला. लाल दाबलं, थांबला.

"पहिल्या फटक्यात!" शेजारचा म्हणाला. तो लगेच भडकायचा, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत.

शिकवणारे सर पुढे आले. त्यांनी पट्टा पुन्हा चालू केला, लाल बटणाची वायर हळूच उपटली आणि म्हणाले, "आता थांबवा."

तिने लाल दाबलं. पुन्हा दाबलं. पट्टा आपला पळतोच आहे.

"तुम्ही काय केलंत? बटण दाबलं की करंट येईल, आला की थांबायचं. वायर तुटली तर करंट येणार कुठून? तुमचा डबा खुशाल समजतो, सगळं आलबेल आहे. थांबायच्या बटणातून करंट सतत वाहता ठेवायचा. तो गेला की थांबायचं, मग कुणी दाबलेलं असो नाहीतर वायर तुटलेली असो. गप्प वायरीवर भरवसा ठेवायचा नाही."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखं," फ्यूज म्हणाला. "बडबड थांबली की समजायचं, काहीतरी बिनसलंय."

सगळे हसले. तिला हसू आलं नाही. फोन लॉकरमध्ये ठेवेपर्यंत घरून काही आलं नव्हतं, आणि ती निर्धास्त होती!

चहाच्या सुट्टीत ती लॉकरकडे धावली. सासूबाईंचा फोन बंद. परत लावला, बंद. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने तीच वायर तीनदा चुकीच्या जागी खोचली. मग एकदाचा लागला.

"अहो आई, फोन बंद का होता?"

"अगं, वाजला की दचकून उठतो तो. काही झालं असतं तर चालू करून केला असता ना!"

"ताप?"

"आहे जरासा. मुलं वाढताना तापतातच. तुझा नवरा लहानपणी काय कमी तापायचा?"

"आई, माझं एवढं ऐका. दर तासाला नुसता मिस कॉल द्या."

"काही झालं नाही हे सांगायला फोन करू?" त्या हसल्या. "बरं बाई, देते. शिकलेल्या सुनेपुढे आपलं काय चालणार!"

सरांनी फोन टेबलावर ठेवू दिला. पहिल्या तासाला तो थरथरला आणि तिचा हात चालायला लागला. तिने बटण बदललं, आकृती बदलली. दुसरा तास झाला. फोन गप्प.

"चला, दाखवा," सर म्हणाले आणि त्यांनी लाल बटणाची वायर उपटली. पट्टा जागच्या जागी थांबला.

"शाब्बास! आता आलं डोक्यात."

तिने फोन उचलून लावला. बंद. आई विसरल्या असतील. झोप मोडू नये म्हणून पुन्हा बंद केला असेल. असेलच. सर म्हणाले, "जायचं तर जा," पण जाणार कशाने? कंपनीची बस सुटायला अजून वेळ होता आणि गेटबाहेर चिटपाखरूही नव्हतं. तिने पुन्हा लावला. फ्यूजने तिच्याकडे खुर्ची सरकवली.

वायर गप्प झाली की थांबवायचं, हे ती आज शिकली होती. पण थांबवण्यासारखा तिच्या हाताशी एवढा एक पट्टा होता, आणि तो केव्हाच थांबला होता.