फारच गुणी मुलगी

मुलांच्या वॉर्डात एखादं मूल फार गुणी वागायला लागलं की डॉक्टरबाई सावध व्हायच्या. लाथा झाडणारी, औषध थुंकणारी कार्टी त्यांना मनापासून आवडत. ॲप्रन कोराच राहिला, तर राउंड झाल्यासारखाच वाटत नसे.

खिडकीजवळच्या खाटेवरची चिमुरडी मात्र फारच गुणी होती. मेंदूला सूज आली होती, ती उतरली. ताप गेला, रिपोर्ट चांगले आले, भरवलं तर ती जेवतही होती. पण आजारापासून तोंडातून शब्द नाही, आणि सुई टोचली तरी हूं की चूं नाही. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला नातीचं कौतुक ऐकवी. शिकाऊ डॉक्टर तर आता घरी सोडायला हरकत नाही म्हणत होता.

आई तेवढी त्या कौतुकात सामील नव्हती. डॉक्टरबाईंनी तिला व्हरांड्यात बोलावलं, तशी ती रडायलाच लागली.

"घरी हिने माझ्या नाकी नऊ आणले होते," ती म्हणाली. "ही गप्प पोरगी माझी नाही, डॉक्टर. माझी परत येईल ना?"

येईल असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, आणि खोटा धीर देणं डॉक्टरबाईंना जमत नसे. त्यांनी उलट विचारलं, की घरी ती सगळ्यात जास्त कशावरून भांडते? आईला आठवावंही लागलं नाही. पिवळी क्लिप. मोठ्या बहिणीने ती नुसती हातात घेतली तरी ही घर डोक्यावर घ्यायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून आईने ती क्लिप घरून आणून मुलीच्या केसांत लावून ठेवली. डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पोरीला नीट तपासलं, मग क्लिप काढून आपल्या पांढऱ्या केसांत खोचली आणि शेजारच्या खाटेकडे निघून गेल्या. शिकाऊ डॉक्टर आ वासून बघत राहिला.

तिथे पाठ करून त्या एका मुलाची छाती तपासत बसल्या. खरं तर त्यांना छातीतलं काहीच ऐकू येत नव्हतं, सगळं लक्ष मागे लागलं होतं. बराच वेळ काही झालं नाही.

"माझी आहे." आवाज बसलेला होता.

डॉक्टरबाई वळल्या नाहीत.

"माझी क्लिप आहे ती. दे. चोरटी."

पाठोपाठ दुधाचा पेला त्यांच्या पाठीवर येऊन आदळला.

डॉक्टरबाईंनी क्लिप परत केली आणि रीतसर माफी मागितली. दूध ॲप्रनवरून खाली ओघळत होतं, आणि इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "आठवतंय, बोलता येतंय, आणि नेम बघितलास?" त्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या. "आता हिला घरी पाठवायची तयारी कर. आपल्याला झेपायची नाही."

आजी मात्र ओशाळली होती. मोठ्यांना असं बोलतात का, म्हणून तिने नातीवर डोळे वटारले.

आईने मनगटाने डोळे पुसले.

"बोलू द्या, आई," ती सासूला म्हणाली. "भांडू द्या तिला."